निवृत्तीची तालीम पावसाळ्यात करा

माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक लाकडी पट्टी आहे. तिला पाच खिळे आणि पाच खिळ्यांना पाच घरांच्या किल्ल्या. एक सान होजेची, दोन न्यू जर्सीच्या, एक मेलबर्नची, एक दुबईची. घरं अर्थात आमच्याच सोसायटीतली, पुण्यात सहकारनगरला. ही मालकांची गावं. सोळा फ्लॅटची, तीन मजल्यांची, १९८८ ची बिनलिफ्टची इमारत, आणि त्यातले पाच फ्लॅट वर्षातून अकरा महिने बंद. छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच लॉकरच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. २०१७ साली निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, किल्ल्यांमधून सुटले.

दर नोव्हेंबरात माझ्याकडे दोन कामं येतात. एक, पेन्शनसाठी हयातीचा दाखला देणं. दुसरं, या पाचांपैकी कोणी येणार असेल तर घर उघडून, जाळीजळमटं काढून, बाल्कनीतली कबुतरांची घाण धुऊन, टाकीचं शिळं पाणी सोडून देणं. २०२४ च्या नोव्हेंबरात आले ते माझे थोरले बंधू आणि वहिनी. नेहमीसारखे तीन आठवड्यांसाठी नाही. "बेबी, या वेळी चार महिने राहणार. रिटायर झाल्यावर इथे जमतंय का ते ट्राय करून बघतो," दादा फोनवर म्हणाला. (अडुसष्टाव्या वर्षीही मी बेबीच आहे.) दादा बहात्तरचा. १९७९ साली गेला, तो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्थिरावला.

असं करून बघणारे आता बरेच भेटतात. घर विकून, सामान बांधून एकदम येण्यापेक्षा आधी तालीम करावी, हा विचार शहाणपणाचाच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही मंडळी तालीम करतात ती चुकीच्या मोसमात, चुकीच्या भूमिकेत आणि दुसऱ्याच्या जिवावर.

आधी मोसम. दादा १२ नोव्हेंबरला उतरला आणि १० मार्चला गेला. म्हणजे पुण्याच्या हवेतली मलई तेवढी काढून घेतली. सकाळी तळजाईवर फिरायला, डिसेंबरात सवाई गंधर्व, मग हुरडा, चार लग्नं, दोन मुंजी. या दिवसांत पुणं कोणालाही आवडेल. मी त्याला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र सांगितली. आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या पट्ट्यात घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. आमच्या तळमजल्यावरच्या सान होजेवाल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये कमरेएवढं पाणी होतं. सकाळी दार उघडलं ते मी. गादी, टीपॉय, फ्रीज आणि त्यांच्या आईच्या हातच्या लोणच्याची बरणी असं सगळं एकाच चिखलात होतं. मी फोटो पाठवले, त्यांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. दुसरं काय करणार बिचारे? पण निवृत्त होऊन इथे राहायचं म्हणजे त्या रात्रीही इथे असायचं. जुलैत आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे, ऑगस्टपासून डेंगी-चिकुनगुनियाची धास्ती, शेवाळलेल्या फरशीवरून बहात्तराव्या वर्षी चालणं, भरल्या पावसात रिक्षा न मिळणं. हे एकदा पाहिल्याशिवाय "जमतंय" म्हणू नये.

यात मी स्वतःलाही सोडत नाही. २०१८ साली आम्ही दोघं मुलीकडे कॅलगरीला राहून आलो. मे ते सप्टेंबर. रात्री नऊनंतरही उजेड, दारात ट्युलिप. मुलगी म्हणाली, "आई, इथेच राहता का?" आणि आम्ही दोघं खरोखर विचार करायला लागलो. माझ्या यजमानांनीच विचारलं, "अगं, आपण जानेवारी कुठे पाहिलाय?" तो प्रश्न मी तेव्हापासून जपून ठेवलाय.

आता भूमिका. दादा इथे राहिला तो पाहुणा म्हणून, आणि त्याचं त्यालाच ते कळलं नाही. त्याचं इथलं सिमकार्ड माझ्या नावावर. त्यामुळे त्याचा फोन बिघडला त्या आठवड्यात त्याचे सगळे ओटीपी सोडवायला मीच दुकानात. गॅसची टाकी माझी, दोनातली एक. दूध, पेपर, इस्त्रीवाला, प्लंबर, दाताचा डॉक्टर, सगळ्यांशी बोलणं माझं. "११९ दिवसांत बेबीने काय केलं" अशी यादी मी दैनंदिनीत लिहून ठेवली, सवयीनं. एक्केचाळीस कामं निघाली.

आणि दादाकडे होती एक्सेल. किराणा, भाजी, मावशी, वीज, टॅक्सी, औषधं, नाटक, हॉटेल. निघायच्या आदल्या रात्री लॅपटॉप माझ्यापुढे फिरवून म्हणाला, "दोघांचे महिन्याला ८३,४०० रुपये. बेबी, जमलं!" मी बँकेतली बाई, आधी रकाने बघितले. त्यात माझा रकाना नव्हता. मला पैसे नकोत, भावाचं करण्यात हिशेब कसला? पण ज्या ताळेबंदात हा आधार दिसतच नाही, तो ताळेबंद खोटा. माझ्याच वयाची बहीण हा कायमचा आधार नव्हे. उद्या मी आजारी पडले तर ८३,४०० चं काय होईल, याचं उत्तर त्या एक्सेलकडे नाही.

शेवटची ओळ तर त्याहून मजेची. "अपवादात्मक खर्च, सरासरीत धरलेला नाही." हा अपवाद म्हणजे दादाचा घोटा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहाटे बाथरूममध्ये घसरला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी आणि आमच्या दूधवाल्यानं त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. प्रत्येक वळणावर वहिनी "सांभाळून" म्हणत होती आणि मी पुढे दिवे लावत होते. नंतर प्लास्टर, सहा आठवडे घरात बसून. त्याच सुमारास सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले होते. त्यामुळे पाणी उकळून घ्यायचं कामही आलंच. बहात्तराव्या वर्षी घोटा मोडणं हा अपवाद म्हणून बाजूला काढायचा खर्च नाही. तालीम करायची ती नेमकी याचीच.

आता लिफ्टबद्दल. सोसायटीला बाहेरून लिफ्ट बसवायचा ठराव २०२१ मध्ये आला होता. वर्गणी फ्लॅटमागे दोन लाखांच्या आसपास. पाच बंद घरांपैकी तिघांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही, आणि पैशाचं गणित बसेना म्हणून लिफ्ट राहिली. नकाराच्या तीन मेलपैकी एक दादाचा होता: "आम्ही वर्षातून तीन आठवडे येतो. सध्या नको." प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उतरताना त्याला हे आठवलं की नाही, मी विचारलं नाही. मला मात्र प्रत्येक पायरीवर आठवत होतं.

परदेशातून येऊन इथे म्हातारपण काढू पाहणाऱ्यांचा प्रश्न मला इथेच दिसतो. त्यांना घर हवं असतं, सोसायटी नको असते. हवा हवी असते, गाव नको असतं. काही गोष्टी कायद्यानंच त्यांच्या हातात नाहीत, हे मान्य. दादाकडचं ओसीआय कार्ड म्हणजे आजन्म व्हिसा, नागरिकत्व नव्हे. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. दादा माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. माझ्या बोटावरची शाई बघून म्हणाला, "मी शेवटचं मत दिलं ते अठ्ठ्याहत्तरात." भोरकडे जमिनीचा एक तुकडा त्याच्या मनात भरला होता. शेतजमीन ओसीआयला विकत घेता येत नाही, हे सांगावं लागलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं ८.२ टक्के व्याज वाचून त्याचे डोळे चमकले. ती योजना अनिवासींसाठी नाही, हेही सांगावं लागलं. पण मत नसलं तरी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसायला कोणी अडवत नाही. तिथे तो आला नाही. "तुमची भांडणं ऐकायची का?" म्हणाला. हो दादा, ऐकायची. इथे राहायचं तर तीही ऐकायची.

कागदपत्रांचं आणखी एक. अमेरिकेचं मेडिकेअर त्या देशाबाहेर जवळजवळ कुठलंच बिल देत नाही. त्यातला पार्ट बी बंद करून इथे आलात आणि काही वर्षांनी परत जायची वेळ आली, तर चुकलेल्या दर बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढलेलाच राहतो. इकडे १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घ्यायला पासष्टीची अट राहिली नाही, हे चांगलं झालं. पण आधीच्या मधुमेहाला, रक्तदाबाला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणजे विम्याची तालीम चार महिन्यांत होतच नाही. येण्याचा नुसता विचार असला, तरी पॉलिसीची चौकशी आधी, पडदे नंतर.

पोळ्यांच्या मावशींबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. दादाच्या एक्सेलमध्ये त्यांचा रकाना होता आणि तो सगळ्यात स्वस्त होता. "भारतात हे फार बरं, माणसं मिळतात," हे वाक्य मी चार महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल! मिळणाऱ्या त्या माणसाचं वय एकसष्ट आहे आणि गुडघे माझ्यापेक्षा वाईट. तीन मजले चढून त्या दादाला मऊसूत पोळी वाढत होत्या. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मावशींच्या हातात अजून पेन्शनचं पुस्तक नाही. दादाचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ताई, साहेबांचं बरंय, बसून बघता येतं." स्वस्त निवृत्तीचं गणित मांडताना हे वाक्य मला ओलांडता येत नाही. म्हणून दादाला सांगितलं, मावशींचा पगार गल्लीच्या दरानं नको, तुझ्या निवृत्तीच्या दरानं धर. पावसाळ्यात त्या आजारी पडतील तेव्हा भरपगारी रजा धर. मग बघ एक्सेल काय म्हणते.

तर, ज्यांना भारतात निवृत्त होऊन बघायचंय त्यांना किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईचं मागणं असं: जूनमध्ये या, दिवाळीपर्यंत राहा. सिमकार्ड आणि गॅस स्वतःच्या नावावर करा. त्यासाठी जे हेलपाटे पडतील ते स्वतः घाला. तालमीचा तोच खरा भाग. जुनं बचत खातं असेल तर ते आधी एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्या. "चालतंय की" म्हणून तीस वर्षं तसंच ठेवलेलं खातं परत येताना नडतं. एक महिना तरी बहिणीला, भाच्याला, शेजाऱ्याला एकही काम सांगू नका. सभेला बसा. आणि रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कोणाच्या दारावर थाप मारायची, हे ठरवून त्या माणसाला आधी विचारा. तो "हो" म्हणाला तर म्हणा, जमलं.

हे सगळं ऐकून झाल्यावर दादा हसला. "बेबी, तू अजून काउंटरवरच बसलीयस." वहिनी हसली नाही. सहा आठवडे तिनं एकटीनं तीन मजले उतरून औषधं आणली होती.

दहा मार्चला रात्री टॅक्सी दारात आली. नेहमीप्रमाणे दादानं किल्ली पुढे केली. मी म्हटलं, "या वेळी मी घेत नाही. जूनमध्ये यायचं असेल तर तुझं दार तूच उघड." तो गोंधळला. वहिनीनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली.

सध्या माझ्या पट्टीवर चारच किल्ल्या आहेत. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या खात्यात दोन लाख रुपये जमा झाले. तपशिलात लिहिलंय, लिफ्टसाठी. पाठवणाऱ्याचं नाव वहिनीचं.