माणिक की स्पिनेल?

बालमित्रांनो, वर्गात जुळी भावंडं असली की सुरुवातीला किती गोंधळ उडतो, नाही का? मग कुणीतरी सांगतं, "अरे, याच्या हनुवटीवर तीळ आहे!" आणि काम सोपं होतं. आज आपण दोन लाल रत्नांचे असेच 'तीळ' शोधू या. एक माणिक आणि दुसरं स्पिनेल.

या जोडीनं भल्याभल्या राजांना चकवलंय, बरं का! इंग्लंडच्या एका राजमुकुटात अगदी समोर एक मोठा लाल खडा आहे. १३६७ साली तो राजपुत्र एडवर्डला मिळाला. त्याला 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणतात, पण तो आहे स्पिनेल! मोगल बादशहांची नावं कोरलेलं 'तैमूर माणिक' १८४९ साली पंजाब इंग्रजांनी घेतल्यावर त्यांच्या हाती गेलं. तेही स्पिनेलच. ही दोन वेगळी खनिजं आहेत, हे १७८३ साली रोमे द लिल या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं.

मग ती इतकी सारखी का दिसतात? माणिक ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं बनलेलं असतं. स्पिनेलमध्ये त्यांच्या जोडीला मॅग्नेशियमही असतं. दोन्ही शुद्ध असतील तर बिनरंगी. पण त्यांत चिमूटभर क्रोमियम शिरलं की दोन्ही लालभडक! रंग देणारा एकच, म्हणून रंगावरून ओळख पटत नाही. म्यानमारमधल्या मोगोक इथे तर ती एकाच प्रकारच्या संगमरवरात सापडतात.

आता एकेक तीळ पाहू.

पहिला आकार. स्पिनेलचा स्फटिक म्हणजे दोन पिरॅमिड पायाला पाया लावून ठेवल्यासारखा, आठ बाजूंचा. माणकाचा स्फटिक सहा कोनी असतो. पण खड्याला पैलू पाडले की ही खूण गेली!

दुसरी कठिणता. मोजपट्टीवर हिरा १०, माणिक ९, स्पिनेल ८. म्हणजे माणकानं स्पिनेलवर ओरखडा उठतो. पण म्हणून आईच्या अंगठीतला खडा घासून बघू नका हं! परीक्षा व्हायची आणि खडाही जायचा.

तिसरी घनता. ही युक्ती आर्किमिडीजची. ४ ग्रॅमचं माणिक दोऱ्यानं पाण्यात टांगून तोललं तर ३ ग्रॅम भरतं. १ ग्रॅम कमी झालं, म्हणजे त्यानं तेवढं पाणी बाजूला सारलं. ४ भागिले १, घनता पाण्याच्या ४ पट. स्पिनेलची येते ३.६. खड्याला इजा न होता उत्तर मिळालं! शाळेतला तानकाटा आणि एखादा गुळगुळीत दगड घेऊन हा प्रयोग तुम्हीही करू शकता.

चौथा तीळ सगळ्यांत गमतीचा, तो प्रकाशाचा. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल वाकडी दिसते ना? प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात तिरका शिरताना वळतो, म्हणून. किती वळतो ते वक्रीभवनांकावरून कळतं. पाण्याचा १.३३, स्पिनेलचा सुमारे १.७२. माणकात मात्र प्रकाशाचे दोन किरण होतात! एकाचा अंक १.७६२, दुसऱ्याचा १.७७०. म्हणून माणिक फिरवून पाहिलं तर एका दिशेनं जांभळट लाल आणि दुसरीकडून किंचित नारिंगी लाल दिसतं. स्पिनेल कुठूनही बघा, रंग तोच.

आता आईबाबांसाठी एक गोष्ट. १९०२ साली व्हर्न्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानं भट्टीत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. त्या माणकाची कठिणता, घनता, वक्रीभवनांक सगळं खाणीतल्या माणकासारखंच! त्याची खूण पोटात असते. सूक्ष्मदर्शकातून बारीक वक्र रेषा आणि बुडबुडे दिसतात. म्हणून महागाचा खडा घेताना नुसत्या रंगावर किंवा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा. असा दाखला मागण्यात संकोच कसला?

आणि मुलांनो, स्पिनेलला 'खोटं माणिक' म्हणू नका बरं. ते अस्सल स्पिनेल आहे. त्यानं कधी स्वतःला माणिक म्हणवलं नव्हतं, नाव आपण चुकीचं दिलं. माणसांच्या बाबतीतही आपण असं करतो का, याचा जरा विचार करा. फक्त वरवर बघून "हा ढ", "ती हुशार" अशी नावं पटकन चिकटवतो, तोलून बघतो का?

जाता जाता एक कोडं. एक लाल खडा हवेत ७.२ ग्रॅम भरला आणि पाण्यात ५.२ ग्रॅम. तो माणिक की स्पिनेल? वहीत गणित मांडा, उत्तर पुढच्या अंकात!