बाटली कपाटात कोंडू नका

रायपुरातल्या तात्यापारा, चौबे कॉलनी, शंकरनगर इथल्या बऱ्याच मराठी घरांतली मुले, जावई, भाचे आता अमेरिकेत आहेत. येताना त्यांच्यापैकी कुणी तरी बर्बन व्हिस्कीची बाटली आणतो. ‘काका, ही लिमिटेड एडिशन आहे, सहज मिळत नाही’ असे सांगतो. मग ती बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाते आणि तिथेच राहते. जे मुळातच घेत नाहीत त्यांनी अशा बाटलीपायी सुरुवात करू नये, त्यात गमावण्यासारखे काही नाही. पण जे घेतात त्यांना माझी विनंती आहे की ती बाटली उघडा.

ठेवली की मुरते, ही समजूत व्हिस्कीला लागू पडत नाही. व्हिस्की मुरते ती पिंपात. अमेरिकी कायद्याने बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. तिचा रंग, काकवीसारखा गोडवा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास बहुतांशी त्या जळक्या लाकडातून येतो. बाटलीत भरली की हे सगळे थांबते. १२ वर्षांची बर्बन तुमच्या कपाटात आणखी १० वर्षे राहिली तरी १२ वर्षांचीच असते.

बिघडू मात्र शकते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बंद घरातले पश्चिमेकडचे कपाट दिवसभर तापते. ऊन रंग आणि चव दोन्ही उडवते. तेव्हा बाटली घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि उभीच ठेवा. वाइनची बाटली आडवी ठेवतात म्हणून हीही आडवी ठेवू नका, कडक मद्याने बूच कुजते. उघडल्यावर अर्धीअधिक संपली की उरलेली काचेच्या लहान, स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. आत हवा जितकी कमी, तितकी चव जास्त टिकते.

चाखायची तर हिवाळ्यातली संध्याकाळ निवडा. उन्हाळ्यात मद्याची वाफच आधी नाकात शिरते आणि बाकीचे वास कळत नाहीत. पेला तोंडाशी निमुळता असावा, वाइनचा लहान पेलाही चालतो. एक लहान घोट पुरतो. नाक पेल्यात खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून वरून हुंगा. पहिला घोट काही न घालता घ्या, मग पाण्याचे चार थेंब टाका आणि पुन्हा घ्या. बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली व्हिस्की ६० टक्क्यांच्या पुढेही असते. तिला पाणी लागतेच, त्यात कमीपणा नाही. शेजारी गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या सातूच्या व्हिस्कीचा एक घोट ठेवून पाहा. तिथल्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर उडतेही. मका आणि सातू, अमेरिका आणि गोवा, हा फरक जिभेला आपोआप कळेल. चार माणसांत एक बाटली अशी उघडली तर बोलण्यासारखे खूप निघते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने त्या संध्याकाळी फक्त वास घ्यावा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण आपल्या माणसाला घरी सुखरूप पोचवायला त्या आकड्यावर विसंबू नका.

आता दुर्मीळपणाच्या वेडाविषयी. केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीतून पॅपी व्हॅन विंकल या बर्बनच्या सुमारे दोनशे बाटल्या चोरीला गेल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले. छापील किमतीच्या कितीतरी पट भाव बाहेर मिळतो, म्हणून हे घडते. तोच भाव रायपुरातही माणसाला मोहात पाडतो. २०१७ पासून छत्तीसगडात किरकोळ दारूविक्री सरकारी महामंडळाकडे आहे. जे त्या दुकानात नाही ते ‘आणून देतो’ म्हणणारा कुणी तरी फोनवर भेटतो. त्याच्याकडून घेऊ नका. परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे, आणि आत काय भरले आहे याची हमी कुणाचीच नाही. बर्बनवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आले आहे. तेव्हा साधी, चांगली बर्बन सरळ मार्गाने घ्या. लेबलावर ‘बॉटल्ड-इन-बाँड’ असे दिसले तर जरूर विचार करा. १८९७ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे ती एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान ४ वर्षे मुरलेली आणि ५० टक्के मद्याची असते. ‘लिमिटेड’ या शब्दामागे असा कुठलाच कायदा उभा नाही.

आणणाऱ्यालाही आधीच सांगा. परदेशातून येताना एका प्रवाशाला २ लिटरच शुल्कमाफ आहे. ७० टक्क्यांहून कडक, म्हणजे अमेरिकी मापात १४० प्रूफच्या वरची बाटली विमानात नेताच येत नाही. काही बॅरल प्रूफ बाटल्या या रेषेच्या पलीकडे असतात. घरी किती बाळगता येते याची मर्यादा प्रत्येक राज्यात वेगळी आहे. संग्रह करायचा असेल तर आधी आबकारी कार्यालयात विचारा. आणि वर्ध्याच्या किंवा गडचिरोलीच्या नातलगाला भेट म्हणून बाटली नेऊ नका. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे.

बाटली संपली की ती अखंड कबाडीवाल्याला देऊ नका. नकली माल भरणाऱ्याला लेबलासह कोरी दिसणारी बाटलीच हवी असते. लेबल भिजवून खरवडा, झाकण वेगळे टाका.