आईबापांना शाळा, मग साहेबांना कुठली?

अमेरिकेत ह्मोंग निर्वासित आईबापांसाठी पालकत्वाचे वर्ग भरतात. हे ऐकून आपल्यातले काही म्हणतात, ‘बरंच की, शिकतील मुलं वाढवायला!’ माझं डोकं इथेच फिरतं.

अहो, ही माणसं कोण ते तरी बघा. लाओसच्या डोंगरातले शेतकरी. सीआयएने त्यांच्या हाती बंदुका देऊन गुपचूप लढवलं आणि १९७५ मध्ये बहुतेकांना वाऱ्यावर सोडलं. गोळीबारातून, मेकाँग ओलांडून लेकरं वाचवणाऱ्या बाईला तुम्ही ‘मूल सांभाळणं’ शिकवणार?

कॅलिफोर्नियातल्या मर्सेडची लिया ली आठवा. अ‍ॅन फॅडिमन यांनी १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पोरीला फिट यायच्या. चारेक वर्षांत डॉक्टरांनी औषधं २३ वेळा बदलली. आईबापांना बाटलीवरची अक्षरं वाचता येत नव्हती, धड दुभाषी नव्हता. औषध नीट देत नाहीत म्हणून १९८५ मध्ये मुलगीच उचलून परक्या घरी ठेवली, जवळजवळ वर्षभर. आणि गंमत बघा, ज्या बाईकडे ठेवली ती लियाला दवाखान्यात नेताना स्वतःचं तान्हं बाळ सांभाळायला लियाच्याच आईकडे द्यायची! कागदावर ‘नालायक’ ठरलेल्या आईकडे.

पुढे औषध सोपं केलं, एक समाजसेविका घरी जाऊन आईला ते द्यायला शिकवू लागली, तेव्हा पोर घरी आली. खरा वर्ग तो.

आता कुणी म्हणेल, मारझोडीचं काय? मारझोड चूकच, तिथेही आणि आपल्याकडेही. तिथला कायदा आईबापांना त्यांच्या भाषेत सांगायलाच हवा. शाळेची चिठ्ठी पोरगंच वाचून दाखवतं, बापाला काही कळत नाही, मग घरात बापाचं कोण ऐकणार? त्यावर वर्ग घ्या, जरूर घ्या. पण ताप उतरवायला अंग घासल्याचे लाल वळ बघून थेट पोलीस बोलावणाऱ्यांना कोण शिकवणार?

नॉर्वेत बंगाली जोडप्याची मुलं नेली, तेव्हा हाताने भरवणं आणि जवळ घेऊन झोपणं हेही तक्रारीत निघालं होतं. सिनेमा बघून आपण सगळे चिडलो. मग ह्मोंग आईच्या वेळी लगेच ‘शिकतील बिचारे’ कसं काय सुचतं?

वर्ग भरवायचाच तर पहिल्या बाकावर डॉक्टर, शिक्षक आणि बालकल्याणवाले बसवा. शिकवायला ह्मोंग कुळांतली जाणती माणसं बोलवा. आणि त्यांना मानधन द्या, फुकट नको.