रात्रीचा भात, सकाळचा डबा

'शिळे अन्न खाऊ नये' हे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण का खाऊ नये, असं एखाद्या पोरानं विचारलं तर? "जंतू होतात" एवढं सांगून आपण पुढे सरकतो. मीही तेच करायचे.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला डबा खाल्ल्यावर तासाभरात उलट्या सुरू झाल्या. डब्यात फोडणीचा भात होता. आई रडकुंडीला आलेली, "मॅडम, चांगला कडक गरम केला होता हो!" डॉक्टरांनी भातावरच बोट ठेवलं.

भातात आढळणाऱ्या अशा एका जीवाणूचं नाव बॅसिलस सेरियस. तो मातीत राहतो, तिथून तांदळात येतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाही टिकून राहतात. भात ओट्यावर तसाच राहिला की त्या कोमट उबेत ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळच्या फोडणीत जीवाणू मरतीलही, पण उलट्या करणारं हे विष उष्णतेनं जात नाही. मग अर्ध्या ते ६ तासांत मळमळ, उलट्या. कधी जीवाणू आतड्यात जाऊन वेगळं विष बनवतो. तेव्हा ६ ते १५ तासांनी कळा आणि जुलाब होतात. बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. घरात ओआरएसचं पाकीट हवंच.

या भाताला वास येतोच असं नाही, चवही बदलत नाही. म्हणून मला शाळेतल्या खिचडीची काळजी वाटते. वाढण्याआधी आपण ती चाखतो, चव नोंदवहीत सही करतो. माझं स्पष्ट मत आहे की खिचडी किती वाजता उतरवली आणि किती वाजता वाढली, हेही तिथं लिहावं. आणखी एक रजिस्टर नको, असं तुम्ही म्हणाल (मीही म्हणते!). आहे त्याच वहीत दोन आकडे. सकाळी ८ ला उतरवून कोमट होत गेलेली खिचडी दुपारी १ वाजताही चवीला छानच लागते.

घरी उरलेला भात टाकून द्या, असं मी म्हणत नाही. फोडणीचा भात माझ्याही आवडीचा. फक्त पातेल्यात झाकून ठेवू नका. परातीत पसरून निववा आणि २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवा. त्या मुलीची आई आता रात्री अर्धी वाटी तांदूळ कमीच लावते, आणि डब्यात पोहे येतात.