चाप खरखरतोय? कानस बाजूला ठेवा

पिस्तुलाचा चाप ओढताना बोटाला खरखर लागली, की मालकाला आधी आठवतो ओळखीचा लेथवाला. जालन्यात तर आठवणारच. सळ्यांच्या कारखान्यांचं हे गाव. एमआयडीसीत लोखंडाला वळण लावणाऱ्या हातांची वानवा नाही. मोटारीचा शाफ्ट ज्याने सरळ केला, त्याला बोटाएवढा तुकडा घासून देणं काय अवघड? अवघड नाही, म्हणूनच धोक्याचं आहे.

घोडा असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप मागे गेला की आतली पट्टी सरकते, ती सिअर नावाची खिट्टी हलवते आणि खिट्टीने रोखलेला घोडा सुटतो. खरखर नेमकी कुठे लागते, यावर निदान ठरतं. सुरुवातीच्या मोकळ्या ओढीतच लागत असेल, तर बहुधा पट्टीच्या वाटेत वाळलेलं तेल, धूळ किंवा जळलेल्या दारूची काजळी असते. घोडा सुटण्याच्या ऐन क्षणी बोट अडखळत असेल, तर संशय सिअर आणि घोड्याच्या एकमेकींत अडकणाऱ्या कडांवर जातो.

तपासण्याआधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, चेंबर रिकामं असल्याची नजरेनं आणि बोटानं खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. मग नकली काडतूस घालून चाप सावकाश ओढून पाहायचा. पुष्कळदा नीट साफसफाई आणि थेंबभर तेल एवढ्यावर काम भागतं. थेंबभरच! मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जास्तीचं तेल फक्त धूळ धरून ठेवतं.

तरीही खरखर उरली, तर मालकाने हात आवरावा. सिअर आणि घोड्याच्या त्या कडा अनेकदा फक्त वरवर कठीण केलेल्या असतात. कानशीने तो थर गेला की चाप काही दिवस लोण्यासारखा चालतो आणि पुढे पिस्तूल नुसतं हातातून पडलं तरी गोळी सुटू शकते. नेमबाजीतही हलका चाप म्हणजे मनाला येईल तितका हलका नव्हे. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ओढ किमान १००० ग्रॅम असावी लागते आणि ती वजन टांगून तपासतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण याच प्रकारात जिंकलं. यंत्र रुसलं तर काय होतं, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलं. २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिथे निदान प्रशिक्षक धावून आले होते.

जालन्यातल्या परवानाधारकाने धावायचं कुठे? शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. तो नसेल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीने शस्त्र परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. नूतनीकरणाला कागद काटेकोर तपासले जातात, यंत्राची प्रकृती मात्र कोणी विचारत नाही. त्यात निवडणूक आली, की छाननीत नाव आलेल्यांची शस्त्रं ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. इतके दिवस पडून राहिलेल्या पिस्तुलातलं तेल चिकट झालं, तर दोष कुणाला द्यायचा?

पोलिसांकडे शस्त्रं दुरुस्त करणारे आर्मरर असतात. जालन्यात तर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे. तेव्हा जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी वर्षातून दोन दिवस शुल्क आकारून शस्त्र तपासणी शिबिर घ्यावं, आणि चाप व सेफ्टी ठीक असल्याचा आर्मररचा शेरा नूतनीकरणाच्या अर्जासोबत सक्तीचा करावा.