बँजो कुणाचा?

बँजो म्हटलं की आपल्याला वरातीपुढची बँजो पार्टी आठवते. पण तो बटणं दाबून वाजवायचा बँजो जपानी वाद्याच्या घराण्यातला. अमेरिकेतल्या बँजोचं नाव तेच, गोष्ट मात्र निराळी. ती आठवायचं कारण म्हणजे बियॉन्से.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या ग्रॅमी सोहळ्यात या कृष्णवर्णीय गायिकेच्या ‘काउबॉय कार्टर’ला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचाही मान मिळाला. कंट्रीचा हा पुरस्कार कृष्णवर्णीय कलाकाराला पहिल्यांदाच मिळाला. कित्येकांनी नाकं मुरडली. कंट्री म्हणजे खेड्यापाड्यातल्या गोऱ्यांचं गाणं, हिचा तिथे काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी भोपळ्याच्या तुंब्यावर कातडं ताणलं, दांडी बसवली, तारा लावल्या. तोच पहिला बँजो. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य अगदी त्याच्या भावंडासारखं. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला आणि १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेले, पण ठेका हातापायांत राहिला.

एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून, कृष्णवर्णीयांची टिंगल करत बँजो वाजवू लागले. पुढे १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांची गाणी एका यादीत आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांची दुसऱ्या यादीत टाकली. एकमेकांकडून शिकलेलं गाणं विकायच्या सोयीसाठी वेगळं झालं. त्या दुसऱ्या यादीतूनच आजचं कंट्री आलं.

लिंडा मार्टेल ही ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्रीच्या मानाच्या मंचावर १९६९ मध्ये गायलेली पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका. १९७० साली तिचा अल्बम आला, पण काही वर्षांतच ती या क्षेत्रातून बाहेर पडली. बियॉन्सेच्या अल्बममध्ये तिचा आवाज आहे. ‘टेक्सास होल्ड एम’ या गाण्यात बँजो वाजवलाय रिअॅनन गिडन्स हिने. बँजोचं आफ्रिकन मूळ ती कित्येक वर्षं लोकांना सांगतेय.

मला पुरस्कारापेक्षा हेच मोठं वाटतं. बचत गटात मी बघते ना, पापड लाटणारी एक आणि फोटोत भलतीच. इथे जिंकणारीने मागे राहिलेलीचा हात धरून तिला पुढे आणलं.

पण तेवढ्याने हिशोब फिटला असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांसाठी याच अल्बमला एकही नामांकन मिळालं नव्हतं. जगभर नाव असलेल्या बाईला आपल्याच पूर्वजांच्या घराचं दार असं ठोठवावं लागतं, तर एखाद्या खेड्यातून बँजो घेऊन निघालेल्या नवख्या मुलीला ते कोण उघडणार?