फ्रान्सच्या शाळेत भारत कोण सांगणार?

आपल्या पोरांना एमपीएससी, यूपीएससी, पोलीस भरती आणि बँकांच्या परीक्षा तोंडपाठ असतात. पण फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा सहायक म्हणून भारतीय तरुणांनाही घेतात, हे वस्तीतल्या अभ्यासिकेत विचारून पाहा. बहुतेकांनी ऐकलेलेच नसते. ज्यांच्या घरी ही जाहिरात वेळेवर पोचते ती घरे कोणती, हे मी सांगायला नको.

ही योजना १९०५ पासूनची. नेमणूक १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची असते, काम आठवड्याला १२ तास. वर्गाची जबाबदारी तिथल्या शिक्षकाची. सहायकाने मुलांचे छोटे गट घेऊन त्यांना इंग्रजीत बोलते करायचे आणि आपल्या देशाची ओळख करून द्यायची. हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात. गाव आपण ठरवत नाही. विभागाची पसंती कळवायची, पुढे पॅरिस मिळेल की कुठले आडगाव, ते तेच ठरवणार.

पात्रतेत पदवीचे शिक्षण, वयाची मर्यादा, चांगले इंग्रजी आणि कामापुरती फ्रेंच. कागदावर जातीचा रकाना नाही. मग अडते कुठे? फ्रेंचपाशी. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळांत ती लहानपणापासून असते. पुढे ज्युनिअर कॉलेजातही 'स्कोअरिंग' विषय म्हणून तीच घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि आश्रमशाळेत ती नाही. एकविसाव्या वर्षी दोघे एकाच अर्जापुढे बसतात तेव्हा एकाच्या पाठीशी सात-आठ वर्षांची फ्रेंच असते आणि दुसऱ्याने त्या भाषेचा 'बोंझूर' फक्त सिनेमात ऐकलेला असतो. निकालाला म्हणायचे मेरिट!

भाषेचे दार बंद करणे हा या देशातला जुना धंदा आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. ते रडत बसले नाहीत. कोलंबियातल्या त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी काढून पाहा. अर्थशास्त्राचे २९ विषय, इतिहासाचे ११, आणि त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच एक, प्राथमिक जर्मन एक. पुढे जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले. परकी भाषा त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती, हत्यार होते.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, सात महिन्यांची हंगामी नोकरी, ना पेन्शन ना कायमपण, त्यापेक्षा तलाठीची परीक्षा बरी. पैशापुरते त्यांचे बरोबर आहे. तिकीट स्वतःच्या खिशातून काढावे लागते. पहिला पगार हातात येईपर्यंत खोलीभाडे आणि जेवण आपणच भागवायचे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती इथे कामाची नाही, ती परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी आहे. आणि ८०० युरोत तिथे पोट भरते, शिल्लक पडत नाही. घरी पैसे पाठवायचे असतील तर हा मार्ग नव्हे.

पण पैशाच्या हिशेबात एक गोष्ट येत नाही. त्या वर्गातला चौदा वर्षांचा मुलगा हमखास विचारतो, तुमच्याकडे जात म्हणजे काय असते? आज या प्रश्नाचे उत्तर देणार कोण? ज्याला स्वतःची जात कधी टोचली नाही तो. तो सांगेल, पूर्वी असायची, आता नाही; आणि लगेच दिवाळी, योगा, बॉलिवूडकडे वळेल. तो खोटे बोलतो असे नाही, त्याला तेवढेच दिसलेले असते. महाडचे तळे १९२७ साली कशासाठी पेटले, हे ज्याच्या आजीने अंगाई म्हणताना सांगितले, तो तिथे उभा राहिला तर उत्तर वेगळे येईल. फ्रान्सच्या शाळांच्या दारावर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द कोरलेले असतात. हे तिन्ही शब्द आमच्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत, आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतले, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले होते. फ्रेंच मुलांशी बोलायला याहून चांगला विषय कुठला? भाषण मात्र ठोकू नका. तुमचे काम मुलांना बोलते करण्याचे आहे.

तयारीला दोन वर्षे धरा. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच सुरुवात केली तर जमते. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, मुंबई विद्यापीठातही फ्रेंच विभाग आहे. डेल्फ परीक्षेचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे एकदा पास झालात की मेहनत वाया जात नाही. अर्ज आदल्या वर्षीच भरायचा असतो, तारीख चुकली की वर्ष गेले.

बीड-नांदेड-गडचिरोलीच्या पोरांनी काय करायचे? समाजकल्याणच्या वसतिगृहांत भाषेचे वर्ग आणि परीक्षा फी ही मागणी बार्टीकडे आणि सामाजिक न्याय विभागाकडे लावून धरली पाहिजे. निवेदने आपण याहून किरकोळ गोष्टींसाठी देतो. पण तोवर थांबायचे कशाला? पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत फ्रेंच येणारी आपली माणसे आहेत. रविवारी विहारात दोन तास, किंवा मोबाईलवर, त्यांनी शिकवावे. तिकिटाचे पैसे? जयंतीच्या डीजेच्या भाड्याचा आकडा आपल्या मंडळाच्या खजिनदाराला विचारा, आणि पुढच्या हिशेबाच्या बैठकीत हा विषय काढा.